रद्द केलेल्या दोन जागा

सगळे तिला चष्मेवाल्या बाई म्हणत. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, दांडी तापवून कानामागे वाकवायची आणि आरशासमोर खट्टू झालेल्या माणसाला दोन शब्दांत खुलवायची. स्वतःचा मात्र गुडघाही तिनं कधी चारचौघांत उघडा पडू दिला नव्हता. लहानपणी उकळतं पाणी सांडून डाव्या पायाची कातडी मांडीपासून पोटरीपर्यंत चुरगळली होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्य लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, ग्रीसनं हात माखण्यात गेलेलं. पन्नाशीत त्याला वेड लागलं, पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचं. त्यासाठी तो चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत उभा राहून पोहायला शिकला. मग एक निवांत किनारा शोधला, डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंशी बोलून दोन जागा धरल्या. जेवताना दुसरा विषय नसायचा.

"तूही उतरायचं हं. निदान कमरेएवढ्या पाण्यात."

ती नुसती हं हं करायची. एकदा त्यानं तिथले फोटो दाखवले. बोटीवर, वाळूवर, उघड्या पायांच्या हसऱ्या बायका.

दुसऱ्या दिवशी दुकान रिकामं असताना तिनं डायव्हिंगच्या बाईंना फोन केला, घरात आजारपण आहे असं ठोकून दिलं आणि जागा रद्द केल्या. नवऱ्याला म्हणाली, "त्यांचा फोन होता. बोट बिघडलीय म्हणे. या मोसमात काही जमणार नाही."

तो म्हणाला, "तुझाच हिरमोड झाला असेल. किती मन लावून ऐकत होतीस."

तिनं ताट बाजूला सरकवलं.

आठवड्याभरानं त्या बाईंनी आजाऱ्याची चौकशी करायला फोन केला, तो नेमका नवऱ्यानं घेतला. ती ओट्याशी उभी होती. "हो, आता बरं आहे," तो थांबत थांबत म्हणाला. "हो, मीच तिला कळवायला सांगितलं होतं." फोन ठेवून तो मुकाट्यानं जेवू लागला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. परक्या बाईसमोर त्यानं तिची अब्रू झाकली होती.

"अहो, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? माझ्याबरोबर यायचं नव्हतं तर तसं सांगायचंस. मी काय ओढत नेणार होतो?"

हे तिच्या वर्मी लागलं. "तुमच्यामुळे नाही हो. या पायामुळे."

"इतकी वर्षं संसार केला. मला कधी खुपला हा पाय?"

"तुम्हाला नाही. लोक बघतील ना."

"अगं, डायव्हिंगला गळ्यापासून घोट्यापर्यंत रबरी कपडे असतात. एकदा विचारायचंस तरी." आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिची मान वर होईना.

तिनं स्वतःच फोन करून त्या बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. पण जागा गेल्या, आणि आता वारंही सुटेल, बोटी बंद होतील. पुढच्या वर्षी या."

पण मधल्या काळात नवऱ्याच्या कानाचं दुखणं उद्भवलं. डॉक्टरांनी बजावलं, खोल पाण्याचं नाव काढायचं नाही. तरी पुढच्या वर्षी ती दोघं तिथं गेली. तो काठाजवळच्या उथळ पाण्यात मुखवटा लावून पालथा तरंगत राहिला. ती पायजमा मांडीपर्यंत गुंडाळून त्याच्याशेजारी उभी होती. कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

दूरच्या बोटीवरून माणसं एकामागून एक खोल पाण्यात उड्या टाकत होती. तो मान वर काढून त्यांच्याकडे बघत होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मागच्या वर्षी आलो असतो तर..." ती म्हणाली.

"तर तू वाळूवर चपला राखत बसली असतीस," तो हसून म्हणाला आणि त्यानं पुन्हा पाण्यात तोंड घातलं. तिला मात्र हसू आलं नाही. तो पुन्हा वर आला, निळा मासा दाखवू लागला, आणि ती माशाकडेच बघत राहिली, त्याच्या नजरेला नजर देणं टाळत.