डचेसच्या तोंडातलं कुसळ

आमच्या घरात जमीन नव्हती, विळे होते. दोन. एक आईचा, एक बाबांचा. शेणव्याच्या पुढे, गावाच्या अगदी कडेला आमची वाडी. भातकापणी उरकली की दोघं दुसऱ्यांच्या माळांवर मजुरीने गवत कापायला जायचे. ते गवत वखारीत जायचं, तिथे दाबून त्याच्या गाठी व्हायच्या आणि गाठी ट्रकने मुंबईच्या म्हशींकडे. गवत संपलं की आम्ही सगळे वीटभट्टीवर. शाळा त्यातूनच, जमेल तशी. माझं एक काम ठरलेलं होतं. संध्याकाळी सुई घेऊन दोघांच्या पायातली कुसळं काढायची. कुसळ म्हणजे गवताच्या बीचं टोकदार शेपूट. शिरताना कळत नाही, निघताना रडवतं.

तरी मी बी.एस्सी. झाले. वाडीतली पहिली. निकालाच्या दिवशीच ठरवलं, आता गवताचा आणि आपला संबंध संपला. मग मॅनेजरची नोकरी लागली ती मुरबाडजवळच्या घोड्यांच्या यार्डात. तिथे सकाळचं पहिलं काम गवत मोजायचं!

आमचा धंदा लिव्हरीचा. म्हणजे घोड्यांचं लॉजिंग-बोर्डिंग. घोडा मुंबईच्या माणसाचा, राहतो आमच्याकडे, मालक महिन्याचे पैसे भरतो. फुल लिव्हरी घेतली तर चारा-पाणी, खरारा, लीद काढणं, रोजचं फिरवणं, सगळं आम्ही करतो. हाफ लिव्हरीत मालक स्वतः येऊन घोडा फिरवतो. म्हणजे फिरवणार असं सांगतो. नाल आणि डॉक्टर यांचा खर्च वेगळा. कागदावर एवढंच असतं. पण खरे पैसे मोजले जातात ते घरबसल्या निवांत वाटावं म्हणून. म्हणून रोजचा व्हिडिओ लागतो. पंखा लागतो. एका बाईंना घोड्यासाठी मच्छरदाणी हवी होती. एकाने इन्व्हर्टर मागितला, तेव्हा आमचे मालक बाळारामशेठ म्हणाले, "माज्या घरात लाइट गेली का मी पुठ्ठ्यानं वारा घेतो गो. घोड्याला इन्व्हर्टर?" पण बसवला. धंदा आहे.

सगळ्यात काटेकोर डॉ. कामत. मुलुंडचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या दोन घोड्या आमच्याकडे, डचेस आणि पर्ल, दोन्ही फुल लिव्हरीवर. शिवाय त्यांच्या ओळखीने आलेले आणखी चार घोडे. यार्डात घोडे एकूण अकरा. त्यामुळे डॉक्टर शिंकले तरी शेठ रुमाल शोधायचे.

नोव्हेंबरात त्यांनी व्हिडिओ बघून फोन केला. "रेश्मा, हे गवत पिवळं का? मी प्रीमियम भरतो. मला हिरवं दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "सर, या दिवसांत गवत पिवळंच येतं."

"इंटरनेटवर सगळीकडे हिरवं आहे."

मी वाद घातला नाही. दोन वखारी फिरले, तिसरीत छान हिरव्या गाठी मिळाल्या. ओलावा तपासला, वजन केलं, बुरशीचा वास नाही ना बघितलं. पुस्तकात होतं तेवढं सगळं केलं. फक्त कामतांच्या दोन घोड्यांसाठी तो माल घेतला. व्हिडिओत झकास दिसला. डॉक्टरांनी अंगठा पाठवला.

पंधरा दिवसांनी डचेसने गवत खाणं सोडलं. भिजवलेला हरभरा खायची, कोंडा खायची, गवताला तोंड लावलं की मान झटकायची. दुसऱ्या दिवशी लाळ गळायला लागली. नेमकी ती व्हिडिओत दिसली.

"मी दुपारी येतोय," डॉक्टर फोनवर म्हणाले. "घोडे न्यायचा ट्रक सांगितलाय. दोघींना पुण्याच्या यार्डात हलवतो. बाकीच्यांनाही कळवतो."

शेठ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सहा घोडं गेलं तं काय ऱ्हाईल रेश्मा? अर्धी रिकामी शेड नि तू. नि शेडला पगार नाय लागत."

मी कामाला लागले. ताप बघितला, नव्हता. पोटाला कान लावला, आतडी वाजत होती. लीद नेहमीसारखी. म्हणजे पोटशूळ नाही. आमचे जनावरांचे डॉक्टर कल्याणला दुसऱ्या केसवर होते. म्हणाले, "संध्याकाळी येतो. तोवर तोंड बघून ठेव." रेसकोर्सवर आयुष्य घालवलेले आमचे सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, इस्माईलचाचा म्हणाले, "मॅडमजी, नजर लगी है." मी म्हटलं, "चाचा, नजर लागली असती तर हरभराही सोडला असता."

मग लक्षात आलं. बाकीचे नऊ घोडे पिवळं गवत मजेत खात होते. आणि पर्लच्या हनुवटीवरही आता ओल होती. हिरवं गवत खाणाऱ्या दोघीच आजारी.

मी आईला फोन केला. हे आता लिहायला सोपं आहे. चार वर्षं तिथे नोकरी करत होते, आणि आईला एकदाही गेटच्या आत आणलं नव्हतं. तिथले कामगार मला मॅडम म्हणायचे, आई मजुरीने गवत कापते हे त्यांना कळायला नको होतं.

"आई, गवत हिरवं असून घोडी खात नाही गो."

"हिरवं? या दिसांत?" "कवा कापलंय?"

"ते विचारलं नाही."

"मंग काय इचारलंस?"

"वजन."

पलीकडे ती हसली. "थांब. येतो मी."

किन्हवलीपर्यंत टमटम, पुढे एसटी, मग परत टमटम करत आई दीडच्या सुमाराला पोचली. तिने घोडी बघितलीच नाही. सरळ गाठीकडे गेली, मूठभर गवत उपसलं आणि पदरावर उलटं घासलं. पदर वर धरला. त्यात दहा-बारा कुसळं उभी.

"ह्ये बघ. कुसळ धरल्यावर कापलंय, नि सावलीत सुकवलंय, म्हून रंग ऱ्हायला. कुसळ धरायच्या आधी कापावं, नायतर गळून गेल्यावर कापावं. गळल्यावरचं गवत पिवळंच असतंय. पन टोचत नाय. एवढी शिकलीस नि माज्या पायाला इसरलीस व्हय?"

मी दोघींपुढचं हिरवं गवत उचललं.

तेवढ्यात गाडी आली. मागे ट्रक. डॉ. कामत उतरले ते बोलतच. "एवढं प्रीमियम घेऊन तुम्ही नक्की देता काय?"

मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. तुम्ही हिरवं मागितलं आणि मी कधी कापलं हे न विचारता आणलं. कुसळं तोंडात शिरली असणार. ट्रकमध्ये चढवायच्या आधी एकदा तोंड बघू या."

"कोण बघणार?"

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. शेठ हळूच म्हणाले, "दातांचं डॉक्टर तं तुमीच ना?"

डॉक्टर गाडीतून डोक्याला लावायचा दिवा आणि चिमट्यांचा डबा घेऊन आले. कल्याणला गेलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "वरवरची असतील तेवढीच काढा. खोल गेलेली माझ्यासाठी ठेवा." चाचांनी डचेसची जीभ बाजूने अलगद बाहेर धरली. डॉक्टर वाकले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अरे बापरे. हिरडीत आहेत. जिभेखाली तर ओळच आहे."

आई मागून म्हणाली, "साहेब, उचकटू नका. मोडंल नि आत ऱ्हाईल. मुळाशी धरा नि शिरलंय त्याच रेषेत काढा. हिसका नको."

"मावशी, मी वीस वर्षं हेच काम करतोय."

"मी चाळीस," आई म्हणाली.

पहिलं कुसळ मोडलं. दुसरं त्यांनी आईच्या पद्धतीने काढलं, अख्खं आलं. त्यानंतर ते प्रत्येक वेळी चिमटा लावून विचारायचे, "मावशी, असं?" आणि आई म्हणायची, "हां. आता बरोबर." डचेसने मध्येच डॉक्टरांच्या शर्टावर यथेच्छ लाळ पुसली. शेठ भिंतीकडे तोंड करून हसत होते. पर्लची पाचच निघाली.

तोंडं धुऊन झाल्यावर मी दोघींसमोर बाकीच्यांचं पिवळं गवत टाकलं, आईने पदरावर घासून दिलेलं. डचेसने हुंगलं, एक काडी उचलली, थांबली. आम्ही पाचही जण तिच्या जबड्याकडे बघत होतो. मग तिने तोंड भरून घास घेतला. चावण्याचा आवाज एवढा गोड असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टर ट्रकवाल्याला म्हणाले, "तू जा. भाडं देतो." आणि माझ्याकडे वळून, "चूक तुझी एकटीची नाही. पण पुढचं गवत कोण बघणार?"

मी आईकडे बघितलं. आई शेठकडे बघत होती. शेठ म्हणाले, "मावशी, तुमी याल काय?"

"येईन. पन पगार लिवून द्या. नि साहेबांना सांगा, गवताचा फोटो मागायचा नाय."

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. जिभेखालची दोन खोल गेलेली त्यांनी काढली, औषध लावलं, चार दिवस मऊ चारा सांगितला. हिरव्या गाठी मी तशाच वखारीत परत पाठवल्या. डचेस आठवड्यात ठणठणीत झाली. सहापैकी एकही घोडा गेला नाही. पुढे डॉ. कामतांनी आणखी एक शिंगरू आणलं. आणलं त्या दिवशी आधी आईला दाखवलं, जसं काही तीच त्याला दाखल करून घेणार होती.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. मालक डोळ्यांनी पैसे भरतो, घोडा तोंडाने खातो. मॅनेजरने आधी तोंड बघावं. आता गाठी घेताना मी पहिला प्रश्न विचारते, कधी कापलं? वजन नंतर.

आई दर हंगामात यार्डाचं गवत पास करते. ती हो म्हणाल्याशिवाय एकही गाठ उतरत नाही. हजेरीच्या वहीत तिचं नाव आहे आणि नावापुढे हुद्दा: चारा तपासनीस. सही ती करते, मीच शिकवली. बाबांनीही मजुरी सोडली, दोन्ही विळे घरी खुंटीला टांगलेले आहेत. आमच्या घरात आता दोन पगार येतात, आणि पायातली कुसळं काढायला कुणाला बसावं लागत नाही.