लपवलेल्या प्रतिक्रिया

तीन वर्षं मी हे लिहायचं टाळत आलो. आधी स्वतःला सांगितलं, हात थरथरतात. मग सांगितलं, ज्याच्याबद्दल लिहायचं तो गेला, आता कुणाला त्याचं काय. दोन्ही सबबी होत्या. खरं कारण एवढंच, की अमरावतीतल्या ज्या चार घरांत मला भला माणूस समजतात, तिथं हे वाचल्यावर मला जाता येणार नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि त्या घरांत जाणंही कमी झालंय.

मी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर लेकीने तिचा जुना संगणक दिला, आणि बायको गेल्यावर तोच सोबतीला उरला. ब्राउझरला जोडायची एक्स्टेंशनं हा माझा आवडता विषय झाला. जाहिराती गाळणारं एक, अक्षरं मोठी करणारं एक, पान मोठ्याने वाचून दाखवणारं एक. कॉलनीतले निवृत्त लोक बोलवायचे. बातमी उघडली की जाहिराती अंगावर येतात, मास्तर, काही तरी करा, म्हणायचे. मी करून द्यायचो आणि चहा पिऊन घरी यायचो.

माझे नियम ठरलेले होते. एका कामाला एकच एक्स्टेंशन ठेवायचं. घेण्याआधी किती लोक ते वापरतात आणि शेवटची सुधारणा केव्हा झाली ते पाहायचं. ते कसली परवानगी मागतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही; ‘सर्व वेबसाइटींवरचा मजकूर वाचणे आणि बदलणे’ असं आलं तर उठून पाणी पिऊन यायचं आणि पुन्हा विचार करायचा. महिनाभर कामाला आलं नाही तर काढून टाकायचं. हे नियम मी आजही कुणालाही सांगेन. नियमांत काही खोट नव्हती.

माझा मित्र अकोल्याला, जठारपेठेत राहायचा. मूर्तिजापूरला आम्ही एकाच वर्गात होतो. पुढे तो तिथल्या छोट्या गाडीवर, शकुंतलेवर, गार्ड झाला. गाडी थकली, तोही थकला. काचबिंदूने नजर इतकी कमी झाली की समोरचा माणूस तो आवाजावरून ओळखायचा. पण गोष्टी सांगायला लागला की शेजारचे लोक हातातली कामं टाकून येऊन बसायचे. मी त्याच्या नावाने एक ब्लॉग काढून दिला. दर मंगळवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचो. तो सांगायचा आणि मी त्याच्या घरच्या संगणकावर त्याची वऱ्हाडी जशीच्या तशी टाइप करायचो. झालं की वाचून दाखवणारं एक्स्टेंशन लावायचो. एका बाईचा सपाट आवाज त्याचं सगळं वाचत जायचा.

“हे बाई पुन्याची दिसते,” तो म्हणायचा. “शिव्याबी इस्त्री करून देते लेकाची.”

त्याला एकच मुलगा होता. आई शेवटच्या आजारात असताना तो कामासाठी परदेशात होता. दोनदा निरोप गेला, पण तो पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. बापाने भरल्या अंगणात सांगितलं, “तुहं आता इथं काई काम नाई.” मुलगा पुण्याला निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना फोन केला नव्हता. बाप त्याचं नाव काढत नसे, पण पुण्याच्या पावसाची बातमी लागली की रेडिओचा आवाज वाढवायचा.

ब्लॉगला वाचक मिळाले, तशी प्रतिक्रियांत टवाळीही सुरू झाली. कुणी त्याच्या भाषेला गावंढळ म्हटलं. कुणी म्हटलं, म्हातारा थापा मारतो. त्या बाईने तेही तितक्याच थंडपणे वाचून दाखवलं.

माझा मित्र म्हणाला, “बंद कर हे. मले नाई आयकाचं कोन काय म्हनते ते.”

ब्लॉगवर प्रतिक्रिया बंद करायला सेटिंगमधल्या एका चौकटीतली खूण काढावी लागते, बस. मी ती काढली नाही. लोक काय लिहितात ते मला वाचायचं होतं. त्यात अधूनमधून टाइप करणाऱ्याचे आभारही असायचे. म्हणून मी ब्लॉगला हात लावला नाही आणि त्याच्या संगणकावर एक एक्स्टेंशन बसवलं, कुठल्याही पानावरच्या प्रतिक्रिया लपवणारं. त्याने ‘वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली. मी ते वाचलं आणि बटण दाबलं. जगासाठी प्रतिक्रिया चालू राहिल्या. फक्त त्याच्या पडद्यावर लेखाखाली कोरी जागा आली. वाचणारी बाईही तिथं थांबू लागली.

“झालं बंद,” मी सांगितलं.

“शांत वाटलं, बापा,” तो म्हणाला.

दोनेक महिन्यांनी त्याने म्हशीची गोष्ट सांगितली. दर्यापूरच्या अलीकडे रुळावर म्हैस आली, गाडी थांबली, आणि साहेबाने त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला. हसण्याजोगी गोष्ट होती. मी ती टाइप करून टाकली. शनिवारी घरी माझ्या संगणकावर पाहिलं तर खाली नाव नसलेली एक प्रतिक्रिया होती.

“बाबा, म्हैस नव्हती. मी तुमच्या डब्यात होतो. मी खेळता खेळता लाल झेंडा बाहेर काढला होता. तुम्ही साहेबाला म्हैस सांगितली, आणि आज इतक्या वर्षांनीसुद्धा म्हैसच सांगितलीत. इथं एक शब्द लिहा, मी येतो.”

मी ते तीन-चार वेळा वाचलं. माझ्या मित्राने ती गोष्ट मलाही कधी खरी सांगितली नव्हती. नऊ वर्षं ज्याचं नाव काढलं नाही, त्या पोराला तो अजून पाठीशी घालत होता. आणि पोराने ते ओळखलं होतं.

मंगळवारी सांगायचं, असं ठरवून मी निघालो. गाडीत बसल्या बसल्या वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. पण निघण्याआधी सकाळी मी दुसरी प्रतिक्रिया वाचली होती. “इथं डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. मी न्यायला येतो. आता तिथं एकटे राहू नका, इथंच राहा.” मूर्तिजापूर येईपर्यंत ती माझ्या डोक्यातून गेली नाही. तो पुण्याला गेला की माझा मंगळवार संपणार होता. बाकीचे सहा दिवस मी त्या एका दिवसाच्या आधाराने काढत असे. अकोल्याला उतरलो, त्याच्या घरी गेलो, आणि काहीच न सांगता टाइप करायला बसलो.

पुढच्या मंगळवारी नक्की, असं म्हटलं. त्या मंगळवारीही तेच म्हटलं. मग एक नवी अडचण उभी राहिली: आता सांगितलं तर तो विचारणार, तुले कवापासून माहीत होतं? दर आठवड्याला ते उत्तर आणखी लांबत गेलं.

एकदा सांगता सांगता तो मध्येच थांबला.

“मास्तर, तो वाचत असन का रे हे?”

कोण, ते मी विचारलं नाही. त्याचा चेहरा माझ्याकडे होता. नजर पोचत नव्हती, तरी तो माझ्याकडेच पाहत होता.

“काय माहीत,” मी म्हणालो.

“वाचत असन तर काई तरी लिवलं असतं लेकानं,” तो म्हणाला. मग खुर्चीत सरकून बसला. “पन आपनच बंद केलं न ते. चाल, लिही पुढं.”

त्याच क्षणी दोन क्लिकमध्ये ते एक्स्टेंशन बंद झालं असतं, आणि त्या बाईने थांबलेलं वाचन पुढं नेलं असतं. मी पुढची ओळ टाइप केली.

मुलाच्या सगळ्या मिळून सात प्रतिक्रिया आल्या. त्यातली शेवटची हिवाळा संपताना आली. “तुम्ही नवीन लेख टाकता, म्हणजे खालचंही वाचत असाल. उत्तर नाही हेच उत्तर समजतो. आता लिहिणार नाही.” त्यानंतर महिन्याभरात, दुपारी आडवा झालेला माझा मित्र उठला नाही. शेजारणीने मला फोन केला.

मुलगा आला. या वेळी तो वेळेत पोचला, अग्नी त्यानेच दिला. तेरवीला मांडवात पंगत बसली होती. हातात पाण्याचा जग घेऊन तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“काका, टाइप तुम्हीच करत होता न?”

“हो.”

“मी खाली लिहिलेलं बाबांनी वाचलं होतं का?”

त्याने हे अगदी हळू विचारलं, पंगतीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असं. खरं सांगायला मला दोन वाक्यं लागली असती. मी म्हणालो, “वाचलं होतं. मीच वाचून दाखवलं. पण तुला माहीत आहे, हट्टी माणूस.”

त्याने पाण्याचा जग दुसऱ्या हातात घेतला. “हो,” म्हणाला, “हट्टी तर होते.” आणि पुढच्या पानावर पाणी वाढायला गेला.

एका मेलेल्या माणसावर मी असा आळ घेतला. जिवंतपणी त्याच्यापासून मुलगा लपवला आणि मेल्यावर त्या मुलापासून बाप हिरावला.

जाताना मुलाने तो संगणक मला दिला. यावर तुमचीच मेहनत आहे, तुम्हीच ठेवा, म्हणाला. मला नाही म्हणता आलं नाही. आता दोन्ही संगणक माझ्या एकाच टेबलावर असतात. माझ्या संगणकावर म्हशीच्या गोष्टीखाली ती प्रतिक्रिया दिसते, त्याच्यावर कोरी जागा. दुपारी कधी कधी मी त्याच्या संगणकावर ती बाई लावतो. ती गोष्ट संपवते आणि थांबते. मग खोलीत जी शांतता पसरते, तीत माझ्या पाठीमागे कुणीतरी खुर्चीत सरकून बसल्यासारखं वाटतं, पुढचं ऐकायला. मी वळून पाहत नाही. ते एक्स्टेंशन मी अजून काढलेलं नाही. महिनाभर कामाला न आलेलं काढून टाकावं, असं लोकांना सांगणारा मी. काढलं तर त्या सातही प्रतिक्रिया तिथं उमटतील आणि त्याला सगळं कळेल, ही माझी भीती आहे. गणिताच्या मास्तराने असं लिहू नये, पण आहे ते असं आहे.

मागच्या महिन्यात मी मुलाला फोन केला. कागदावर लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते. “बोला काका,” तो म्हणाला, आणि माझं वय ध्यानात घेऊन मोठ्याने, सावकाश बोलू लागला. गुडघ्यांची चौकशी केली. मग आपणहून म्हणाला, “मी मुलीला बाबांच्या गोष्टी वाचून दाखवतो. मला माफ करणं त्यांना जमलं नाही, पण गोष्टी ठेवून गेले, तेही खूप आहे.” मी कागद हातात धरून होतो. मी विचारलं, पुण्यात ऊन कसं आहे. तो म्हणाला, आपल्या अकोल्याइतकं नाही. मग आम्ही फोन ठेवला.

कागदावर हे होतं: तुझ्या बापाने तुझं एक अक्षरही वाचलं नाही, कारण मी ते त्याला दिसू दिलं नाही. तो हट्टी नव्हता. तू वाचतोस का, असं त्याने मला विचारलं होतं, आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही. तेरवीला मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्या बापाची मी आता माफी मागू शकत नाही. तुझी मागतो.