कुटुंबात कोण कोण

ताई दात बनवायची. डॉक्टर नव्हे हं. डॉक्टर तोंडात बघतात, माप घेतात आणि चिठ्ठी लिहून ते माप लॅबमध्ये पाठवतात. तिथे ताई बसलेली असायची. प्लास्टरच्या साच्यावर पोर्सिलेनच्या ओल्या भुकटीचे थर बारीक ब्रशने चढवायचे, भट्टीत भाजायचे, घासायचे, पुन्हा भाजायचे, तेव्हा कुठे एक दात उभा राहतो. बावीस वर्षं ती हेच करत होती. लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. माणूस भेटला की तिची नजर आधी दातांवर जायची, नावगाव नंतर. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तिला नावाने कधी आठवलेच नाहीत. मनातल्या मनात ते 'डावा सुळा' होते.

पुढचे दात ही तिची खासियत. दाढ काय, चावली की झालं. पुढचा दात मात्र शेजारच्या खऱ्या दातात बेमालूम मिसळायला हवा. त्याच्या कडेचा निळसर उजेड, मुळाशी किंचित पिवळेपणा, सगळं हाताने आणावं लागतं. एका डॉक्टरांनी परदेशात जाऊन दवाखाना काढला आणि तिथल्या मोठ्या लॅबमध्ये ताईचं काम दाखवलं. दोन महिन्यांनी पत्र आलं, या म्हणून. पगार चांगला, काम तेच. सोबत एक फॉर्म होता: इकडे यायला तुम्हाला काय काय लागेल ते लिहा.

ताईला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून ती बसली. नवरा ग्रंथालयात पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. अतिशय शांत माणूस. त्याला काहीही विचारलं की तो 'बघू' म्हणायचा आणि खरोखरच बघत बसायचा.

"अहो, राहायला किती दिवसांची सोय मागू?"

"बघू."

"बघू हे फॉर्ममध्ये लिहिता येत नाही."

शेवटी तिने तिच्या स्वभावाप्रमाणे नेमकं लिहिलं. तिकिटं चार. राहायची सोय एक महिना, तेवढ्यात घर मिळेल. सामानाची खोकी सहा. कुटुंबातील व्यक्ती: नवरा, मुलगी, सासूबाई. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

आठवड्याने उत्तर आलं. तिकिटं तीन. सोय पंधरा दिवस. खोकी चार. आणि खाली बारीक अक्षरात, कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अठरा वर्षांखालची मुलं.

ताईने ते मोठ्याने वाचलं. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली.

"म्हणजे मी कोण? भाडेकरू?"

"अहो आई, त्यांचा नियम आहे तो."

"भाडं तरी सांग म्हणजे देईन."

सासूबाई पंच्याहत्तरीच्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आता काचबिंदूने नजर कडेकडेने मिटत चालली होती, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तर कुठला ते सांगतील. त्यांचं आणि ताईचं अठरा वर्षं चालू होतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ किती मोठा, दूध आधी कुणी तापवलं. दिवसातून तीन वेळा ताई त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची, तेवढाच युद्धविराम. मान मागे टाकून भांडता येत नाही. एकुलता एक मुलगा, दुसरं कुणी नाही. त्यांना मागे ठेवून जायचं ही गोष्ट ताईच्या डोक्यात आलीच नव्हती. उद्या खुर्ची टेबल ठेवून जाल, माणूस कसं ठेवाल?

चौकशी केली तर तिकडचा कायदा तसा अडवणारा नव्हता. आईवडील, सासूसासरे नेता यायचे. फक्त नोकरी देणाऱ्या कंपनीने हमीपत्र द्यायचं आणि आजारपणाचा विमा काढायचा. म्हणजे सगळं त्या लॅबच्या हातात. हमीपत्र नाही तर सही नाही, असं ताईने मनाशी ठरवून टाकलं. कुणाला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दात चढवताना तिचा ब्रश हातातच थांबला. पोर्सिलेन भट्टीत आवळतं. पाचातला एक हिस्सा जातो. म्हणून दात नेहमी मोठा बांधायचा, बघणाऱ्याला घोड्याचा वाटावा इतका. भाजून आला की बरोब्बर मापात. नवशिक्यांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. आणि स्वतः मात्र फॉर्म मापात भरून पाठवला! आवळणारच की.

त्या संध्याकाळी तिने नवी यादी केली. राहायची सोय तीन महिने. खोकी वीस. स्वतःची जुनी भट्टी न्यायचा खर्च. दरवर्षी घरी यायची-जायची तिकिटं. मुलीच्या शाळेची फी. भाषेचा वर्ग. असंच आणखी बरंच काही. पंधरा वर्षांची लेक मागून वाकून म्हणाली, "आई, पोहण्याचा तलावही टाक."

"तुझ्या आजीला टाकते आहे, ते पुरे."

"मला तलावात टाकतेस?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

सासूबाईंची ओळ ताईने अकराव्या नंबरवर घातली, भट्टी आणि शाळेच्या मधे. आपल्याला नेमकं काय हवं ते समोरच्याला कळू नये, अशी तिची युक्ती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

उत्तर आलं आणि ती थक्क झाली. तीन महिने मंजूर. भट्टी मंजूर. शाळा, भाषेचा वर्ग, दरवर्षीची तिकिटं, सगळं मंजूर! खोकी तेवढी वीसची पंधरा. आणि अकराव्या ओळीवर सरळ रेघ. शुक्रवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या कारागिराकडे वळू.

ताई कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. भट्टी दात सगळ्या बाजूंनी सारखा आवळते. माणसं तसं करत नाहीत. त्यांना जिथे सोपं वाटलं तिथे त्यांनी कापलं, आणि सोपं कुठे आहे ते तिनेच दाखवलं होतं. बावीस वर्षांचा हात, पण चूक अशी केली की नवशिकीही करणार नाही.

नवरा म्हणाला, "पदरी पडलं ते पवित्र म्हणावं. एवढं कोण देतं?"

"आणि आई?"

"आईची काहीतरी व्यवस्था करू."

"काहीतरी म्हणजे काय?"

"बघू."

"तुम्ही बघा. मी उद्या फोन करते."

हे सगळं सासूबाईंनी ऐकलं होतं हे वेगळं सांगायला नको. गुरुवारी सकाळी सातला फोन ठरला, तर पावणेसातलाच त्या इस्त्रीचे कपडे घालून, पेन्सिल घेऊन टेबलाशी हजर.

"स्पीकरवर ठेव."

"आई, बरं दिसत नाही ते."

"तीस वर्षं गावाचे फोन ऐकले, परक्या भाषेतलेही. कुणाला एक अवाक्षर सांगितलं का? ऐक. पेन्सिल एकदा वाजवली की गप्प बसायचं. दोनदा वाजवली की बोलायचं. तुझी खोड मला ठाऊक आहे. समोरचा गप्प झाला की तू घाबरून बोलतेस आणि होतं ते घालवतेस."

"मी कधी घालवलं?"

"आपला सोफा विकताना."

तेवढ्यात फोन लागला. पलीकडे लॅबमधल्या बाई होत्या, नव्या लोकांचं येणंजाणं बघणाऱ्या. आवाज गोड, वाक्यं घोटलेली. परक्या भाषेत ताईला काम बोलता यायचं, भांडता यायचं नाही. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग ताईने विषय काढला.

"नियम आहे हो," बाई म्हणाल्या. "एकाला दिलं की सगळे मागतात."

"मला तीन महिन्यांचं घर नको. एक महिना पुरे."

पलीकडे शांतता. ताईने तोंड उघडलं, तोच टेबलावर पेन्सिल वाजली. टक. तिने तोंड मिटलं. घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. नवरा दारात श्वास रोखून उभा.

"हमीपत्राचं विचारून बघता येईल," बाई म्हणाल्या. "पण विमा फार महाग पडतो या वयात."

टक, टक.

"दरवर्षीची तिकिटं परत घ्या. भट्टीही राहू दे, मी तुमच्या भट्टीवर शिकेन."

भट्टीचं ऐकून नवऱ्याने कपाळाला हात लावला. ती भट्टी ताईने पहिल्या पाच वर्षांच्या शिलकीतून घेतली होती. तिच्या प्रत्येक नखऱ्याची तिला ओळख होती. पण ताई बोलून गेली होती.

"तुमच्या सासूबाई फार आजारी आहेत का?"

"नाही. डोळे अधू आहेत. थेंब घालावे लागतात."

"थेंब तर कुणीही घालू शकतं."

ताई म्हणाली, "आमच्या घरात चार माणसं आहेत. तीन लिहून मला सही करता येणार नाही. तुम्ही दुसरं कुणी बघितलंत तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

आता पेन्सिल वाजायला हवी होती, एकदा. वाजली नाही. सासूबाई पेन्सिल मुठीत धरून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पण ताई स्वतःहून गप्प राहिली.

"उद्या कळवते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भट्टी द्यायला नको होती. घाई केलीस."

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. हमीपत्र देऊ, विमा काढू, पण तीन महिने काम बघून नोकरी पक्की झाल्यावर. तोवर सासूबाईंना येता येणार नाही. राहायची सोय एक महिना, एक खोली. बाकी बरंच काही गेलं होतं.

"मी राहीन तीन महिने एकटी," सासूबाई म्हणाल्या. "रेडिओ तरी मनासारखा लावीन."

"गॅस पेटवताना परवा बाही जळली होती तुमची," ताई म्हणाली.

तेव्हा नवरा पुढे झाला. "मी थांबतो. पोरीचं शाळेचं वर्षही संपेल तोवर. मग तिघं मिळून येतो." एका दमात तीन वाक्यं! सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "थेंबांचं मला शिकव," तो पुढे म्हणाला.

ताईने सही केली. सगळ्यांना घेऊन जायचं म्हणून भांडली आणि निघाली एकटी.

तिकडची खोली चौथ्या मजल्यावर होती. पलंगावर बसून हात लांब केला की गॅसची शेगडी. महिना संपल्यावर तिने लांबच्या भागात स्वस्तात भाड्याचं घर घेतलं, चौघांना पुरेल असं, आणि रिकाम्या खोल्यांची दारं लावून एकाच खोलीत राहिली. नवी भट्टी बटणांची होती, आवाज न करणारी. पहिले अकरा दात फुकट गेले. बाराव्यापासून जमलं. रात्रीचं जेवण झालं की फोनवर सासूबाई नवऱ्याची तक्रार करत, थेंब गालावर घालतो म्हणून, आणि ताई मनमुराद हसायची.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी लॅबच्या प्रमुखांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, तुम्ही पक्क्या. ती हात धुऊन, ॲप्रन तसाच ठेवून, थेट त्या गोड आवाजाच्या बाईंच्या टेबलाशी गेली.

"अभिनंदन! हमीपत्र या आठवड्यात ईमेलने पाठवते."

"मी थांबते," ताई म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

बाईंनी थोडं इकडेतिकडे केलं, दोन फोन घेतले. ताई हलली नाही. शेवटी कागद छापून, सहीशिक्का होऊन तिच्या हातात आला. बाहेर येऊन तिने घरी फोन लावला.

"वाच," सासूबाई म्हणाल्या. "सगळं वाच. वरपासून."

ताईने पत्त्यापासून वाचायला सुरुवात केली. आमच्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील व्यक्ती, असं तिसऱ्या ओळीत होतं. पुढे सासूबाईंचं पूर्ण नाव, जन्मतारीख.

"थांब," पलीकडून आवाज आला. "साल चुकलंय. त्यांनी मला दोन वर्षांनी म्हातारी केलंय."

"चालेल हो आई, दोन वर्षं काय!"

"चालायचं नाही. पासपोर्टात वेगळं, पत्रात वेगळं, मग तिथे विमानतळावर माझी बाजू कोण मांडणार, तुझा नवरा?"

ताईने कागदाची घडी घातली, वळली, दार ढकललं आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली.