सायखेड्यातला पत्र्याचा गोठा आणि डॉ. बोराडे

डॉ. सुधाकर बोराडे यांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात सायखेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू होत होते. त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. काशिनाथभाऊंची गाय बघायची आहे, म्हणत मोटारसायकलला किक मारली.

भाऊंनी संकरित गाईसाठी पत्र्याचा नवा गोठा बांधला होता. वैशाखातल्या दुपारी ती गाभण गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. दूध आटत चालले होते. दृष्ट लागली समजून भाऊंनी मिरच्याही ओवाळल्या होत्या. डॉक्टरांनी ताप पाहिला आणि हा उन्हाचा तडाखा असल्याचे सांगितले. गाय लिंबाच्या सावलीत बांधून आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतत राहिलो. भाऊ मात्र जालीम इंजेक्शन मागत होते.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पुन्हा त्याच पत्र्याखाली बांधलीत तर गाय आणि पोटातलं वासरू, दोन्ही जातील. गोठा बदला."

"लय हौसेनं बांधला हाय, डॉक्टर. लोकांना काय सांगू?"

"डॉक्टर ऐकतच नाहीत, असं सांगा."

संध्याकाळी गाय रवंथ करू लागली, तेव्हाच ते तिथून हलले. दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावून स्वतः पत्र्यावर उसाचे पाचट पसरायला आणि वारा अडवणाऱ्या भिंती उतरवायला हजर. गाय वेळेवर व्याली, कालवड झाली. मग गावातले इतर गोठेही बदलू लागले.

पुढे माझी वणीकडे बदली झाली. तिथे एका उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत एक म्हैस उष्माघाताने दगावली. मालकीण माझ्याशी बोलेना. हे कळताच डॉक्टर बसने आले आणि मला थेट तिच्या घरी घेऊन गेले. तिचे सगळे बोलणे त्यांनी ऐकून घेतले, मग उरलेल्या म्हशीसाठी मांडव कुठे घालायचा ते तिच्याशी ठरवले. निघताना तिने आम्हाला चहा दिला. परतीच्या वाटेवर डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "जनावर दगावलं, त्या घरी आपण पुन्हा जायचं असतं." तेव्हापासून मी जाते.

निवृत्तीनंतरही गोठा बांधायचा झाला की लोक गवंड्याआधी डॉक्टरांना बोलावतात आणि ते जातात. साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या डॉक्टरांना असेच हिंडते-फिरते, निरोगी दीर्घायुष्य लाभो. भर उन्हात निघताना त्यांनी वहिनींचे ऐकून डोक्यावर टोपी तेवढी घालावी, ही आम्हा सर्वांची विनंती.