टाकीचं झाकण

टोकावड्याच्या नाक्यावर चार बांबूंवर पत्रे टाकलेलं एक गॅरेज होतं आणि त्यात अनंता मिस्त्री नावाचा एक हट्टी माणूस होता. मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना दोन्ही ठाऊक होते. गाडी आली की अनंता लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेई, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवी, मूठ कानाशी धरी आणि डोळे मिटून ऐकत उभा राही. मग एकच वाक्य बोले. ते बहुतेक वेळा खरं निघे, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला होता. वर्षानुवर्षं आपलंच खरं निघत गेलं की माणसाला आपण चुकू शकतो याचा विसर पडतो, तसा तो अनंतालाही पडला होता. बोललेला शब्द त्याने कधी मागे घेतला नाही. बायकोजवळसुद्धा नाही.

हे काम तो भातसानगरला शिकला होता. धरणाचं बांधकाम चालू असताना तिथल्या वर्कशॉपमध्ये तो पाने उचलून देणारा पोऱ्या म्हणून लागला आणि बाहेर पडला तो मिस्त्री होऊनच. तिथं साहेबांच्या दिमतीला एक पेट्रोलची जीप होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उघडला तो तिचाच कार्बोरेटर. पुढे जीप म्हातारी झाली, लिलावात निघाली, दोन-तीन हात फिरली आणि शेवटी धोंडीकडे आली.

धोंडी गावाबाहेरच्या वाडीतला. त्याच्या बापाला जमीन नव्हती, आज्यालाही नव्हती. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्ट्यांवर जायची. धोंडी भट्टीवरच ट्रक चालवायला शिकला आणि पोटाला चिमटा काढून त्याने ही जीप घेतली. गावातल्या काही लोकांच्या डोळ्यांत ती खुपली. वाडीतला माणूस चार चाकांवर बसलेला बघायची त्यांना सवय नव्हती, दुसरं काही नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये गावातल्या सहा मुली दहावीला बसल्या. त्यात अनंताची मुलगी भूमिका होती. केंद्र मुरबाडला. सकाळची एस.टी. घाटाकडून भरूनच येई, त्यामुळे पालकांनी परीक्षेपुरती धोंडीची जीप ठरवली. पहिल्या पेपरला जीप वेळेत पोचली, पण भूमिकाचे हाल झाले. त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, झाकण झिजलेलं. वळण आलं की पेट्रोल झाकणाशी डचमळे आणि वास गाडीभर पसरे. भूमिका वाटेत दोनदा ओकली आणि रिकाम्या पोटी, गरगरत्या डोक्याने मराठीचा पेपर लिहून आली. संध्याकाळी ती आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. त्या गाडीत आपण पुन्हा बसणार नाही म्हणाली.

पोरीचं रडणं अनंताला सोसेना. तो तसाच उठून धोंडीकडे गेला, टाकीचं झाकण काढून आणलं आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबची एक जाड गोल चकती कापून झाकणाच्या आत सोल्युशनने चिकटवली. काम फक्कड झालं. झाकण असं घट्ट बसलं की नाक लावलं तरी वास येईना.

आता लपवण्यात काही अर्थ नाही. घात त्या चकतीने केला. टाकीच्या झाकणाला सुईएवढं एक भोक असतं. पेट्रोल जितकं खर्च होईल तितकी हवा त्या भोकातून टाकीत शिरते. भोक बुजलं की टाकी कोंडते. इंजिन काही मैल ओढून पाहतं, पेट्रोल येईनासं होतं आणि गाडी बसते. हे अनंताला ठाऊक नव्हतं असं नाही, शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. पण त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर पोरीचा उतरलेला चेहरा होता. भोक त्याच्या ध्यानातच आलं नाही.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी जीप सरळगाव ओलांडून गेली आणि मुरबाड हाकेवर असताना आचके देऊन थांबली. भाजीचा एक टेम्पो मागून आला म्हणून मुली कशाबशा पोचल्या. शेवटची मुलगी बाकावर बसली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. जीप मात्र तासाभराने आपली आपणच चालू झाली, कारण तेवढ्या वेळात कुठल्यातरी फटीतून टाकीने आपल्यापुरती हवा ओढून घेतली होती.

संध्याकाळी अनंताने कार्बोरेटर उघडला. तळाशी चिमूटभर गाळ होता. जुन्या गाडीत तो असतोच. त्याने जेटची बारीक भोकं फुंकली, सगळं पुसून जोडलं, आणि जीप पहिल्या झटक्यात चालू झाली. त्याला वाटलं, झालं. मग नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात सगळे पालक जमलेले असताना त्याने आपलं ते एक वाक्य उच्चारलं.

"पेट्रोलात रॉकेल घातल्याव कार्बोरेटर काय करणार?"

धोंडीने पोराबाळांची शपथ घेतली. आपण पंपावरचं चोख पेट्रोल घालतो, रेशनचं रॉकेल घरात चुलीलाही पुरत नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. पण मिस्त्री बोलला म्हणजे बोलला, आणि बोलला होता तो धोंडीबद्दल, त्यामुळे लोकांना विश्वास ठेवायला फार वेळ लागला नाही. सहा मुलींतल्या स्नेहलचे वडील शेखर तर उघडच म्हणाले की या लोकांच्या हाती पोरी दिल्या हीच चूक झाली. बीजगणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, एवढ्यात दुसरी गाडी मिळणार नव्हती. तेवढी एक खेप धोंडीने करावी आणि नंतर जीप बंद, असं ठरलं.

धोंडीने त्याच संध्याकाळी मुरबाडच्या पंपावरून डब्यांनी पेट्रोल आणलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. मिस्त्रीने उद्या आपल्या शेजारी बसावं, एवढंच त्याने सांगून पाठवलं.

टाकी भरलेली म्हणजे आत हवेला जागा नाही. ती लवकर कोंडणार. झालंही तसंच. सकाळी निघाल्यावर मुली सूत्रं पुटपुटत होत्या, अनंता पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसला होता, आणि सरळगाव यायच्या बरंच आधी, दोन्ही बाजूंना जंगल आणि मध्ये सुनसान रस्ता अशा ठिकाणी जीपने आचका दिला. दुसरा दिला. मग इंजिन गप्प झालं.

मागच्या बाजूला सूत्रं थांबली.

अनंताने बॉनेट उघडलं. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढलं तर आत थेंब नाही. म्हणजे पेट्रोल आत सोडणारी सुई अडकली, असा त्याने निकाल दिला. सुई काढली, चाटून पाहिली, पुसली, बसवली. पिशवीतल्या बाटलीतलं पेट्रोल वरून ओतलं. धोंडीने स्टार्टर मारला, इंजिन घुरघुरलं, मुलींनी श्वास सोडला, आणि पुढच्या वळणाच्या आत गाडी पुन्हा बसली. अनंताने पुन्हा सगळं उघडलं. पुन्हा कोरडं. या वेळी त्याने जेट काढले, तोंडात धरून फुंकले, ओठाला पेट्रोल लागून जळजळलं तरी फुंकत राहिला. पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. ऊन वर चढत होतं. आता त्याच्याकडून स्क्रू खाचेत बसेना.

एक ट्रक आला तो हात दाखवूनही थांबला नाही. नंतर मोटरसायकलवर एक दूधवाला आला. रिकामे कॅन उतरवून ठेवतो, दोघींना नेतो, म्हणाला. अनंता भूमिकाकडे वळला. बापाचं मन, दुसरं काय करणार? त्याने तिचा दंड धरला. पण तिने हात सोडवून घेतला आणि हुंदके देणाऱ्या स्नेहलला पुढे ढकललं.

"आमच्या बाबांनी दुरुस्त केलेली गाडी हाय," ती म्हणाली. "मी शेवटी जाणार."

दूधवाला स्नेहलला आणि आणखी एकीला घेऊन गेला. अनंताला भयंकर राग आला. पोरीवर, त्या जीपवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांवर. तो राग काढायला समोर धोंडी होता. अनंताने पाना रस्त्यावर आपटला आणि बोलू नये ते बोलला. आपल्या पोरीचं वर्ष गेलं तर रॉकेल विकून किती मिळाले ते सगळ्या गावासमोर मोजायला लावीन, म्हणाला.

धोंडी सीट बाजूला करून वाकला आणि टाकीचं झाकण फिरवू लागला. ते निघेना. आत ओढून धरल्यासारखं बसलं होतं. त्याने गुडघा टेकून दोन्ही हातांनी जोर लावला.

"या मिस्त्री, वास घ्या," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर घ्या. रॉकेल निघालं तर जीप इथंच पेटवून देतो."

झाकण सुटलं, आणि टाकीने आत हवा ओढली. लांब, खोल, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. मुलींनी तो ऐकला असेल नसेल. अनंताने ऐकला. इंजिनाला कान लावून ज्याने जन्म काढला त्याला तो समजावून सांगावा लागला नाही. तो जागीच उभा राहिला. धोंडीला वाटलं, मिस्त्री वास घेतोय.

मग अनंताने त्याच्या हातातून झाकण घेतलं, आतली चकती नखाने उचकटायला गेला. ती निघेना, इतकी छान चिकटवली होती. शेवटी दातांनी ओढून काढली आणि रानात भिरकावली. भोकात मात्र सोल्युशन वाळून बसलं होतं.

"स्टार्टर मार," तो म्हणाला. "झाकण सैल ठेव."

इंजिन चार-पाच वेळा खोकलं आणि चालू झालं. या वेळी वळण आलं, गेलं, सरळगाव आलं, गेलं. टाकी काठोकाठ भरलेली, झाकण सैल, त्यामुळे प्रत्येक वळणाला पेट्रोल बाहेर सांडत होतं. वासाने अनंताचंच डोकं भणभणलं. भूमिका तोंडाला रुमाल लावून कडेला बसली होती. ती बाहेर वाकून ओकली, तोंड पुसलं, पुन्हा ओकली. धोंडीने गाडी हळू करू का विचारलं तर तिने नुसती मान हलवली. अनंताला तिच्याकडे बघवलं नाही.

शाळेचं फाटक लागलं होतं. आत घंटा होऊन गेली होती. शिपायाने चौघींना पाहिलं, पांढराफटक चेहरा घेऊन उभ्या असलेल्या भूमिकाला पाहिलं, आत जाऊन विचारून आला आणि फाटक उघडलं. मुली धावत गेल्या.

धोंडीने जीप सावलीत लावली, कुठूनतरी बादलीभर पाणी आणलं आणि जिथं भूमिका ओकली होती ती बाजू धुऊ लागला. अनंता जवळ गेला. धोंडीने मान वर न करता विचारलं.

"मंजे तुमची टूब."

"व्हय."

"आन मी रॉकेलवाला."

अनंताने त्याच्या हातातलं फडकं घ्यायला हात पुढे केला. पोरगी आपली, घाणही आपलीच, निदान एवढं तरी करावं, असं त्याला वाटलं. धोंडीने फडकं सोडलं नाही.

"ऱ्हाऊ द्या. गाडी माझी हाय."

पेपर सुटेपर्यंत दोघं दोन झाडांखाली बसून राहिले. अनंताला वाटत होतं की धोंडीने चार शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान मोकळं वाटेल. धोंडी बिडी ओढत रस्त्याकडे बघत होता. मुली बाहेर आल्या तेव्हा अनंताने भूमिकाला पेपर कसा गेला ते विचारलं. शेवटचा प्रश्न राहिला, वेळ पुरला नाही, ती म्हणाली. पास होईन बहुतेक. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

जीप परत निघाली. टोकावड्याचा नाका आला. हॉटेलात शेखर आणि बाकीचे पालक बसले होते. दूधवाल्याकडून त्यांना कळलं होतं की जीप पुन्हा बंद पडली, आणि शेखर बाह्या सावरतच उठले. धोंडी न थांबता पुढे जायच्या बेतात होता. अनंताने त्याला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरला.

ज्या बाकड्यावर बसून त्याने इतकी वर्षं निकाल दिले त्याच बाकड्याला धरून तो उभा राहिला.

"पेट्रोलात रॉकेल नव्हतं," तो म्हणाला. "कालबी नव्हतं. झाकणाला टूब लावली मी. भोक बुजवलं मी. आन नाव घेतलं धोंडीचं."

शेखर उभे होते ते तसेच राहिले. त्यांनी काल जे म्हटलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, त्यांनाही. मग कोणीतरी अनंताला बस म्हणालं, चहा सांगू का विचारलं. अनंता बसला नाही.

धोंडी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्याने त्या माणसांकडे मान वळवली.

"पुढच्या पेपराला पोरी न्यायला येऊ का नको," तो म्हणाला, "तेवढं सांगा."

शेखर चपलेने जमीन उकरत राहिले. अनंता बोलणार होता, पण ते आपण सांगायचं नाही एवढं त्याला त्या क्षणी तरी कळलं. मग जीपमधून भूमिकाचा आवाज आला. ती धोंडीशेजारी, त्या सैल झाकणापाशीच बसली होती.

"साडेसातला या, धोंडीकाका," ती म्हणाली. "आन झाकण सैलच ठेवा."

धोंडीने मान हलवली आणि जीप गिअरमध्ये टाकली.