खुज्या वडाखालचं शेवाळ

नाना शेवाळावर हात ठेवत तो उलटा. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आपण हाताची मागची बाजू टेकवतो, तसा. मग कुणाकडेही न बघता विचारत, "बठ्ठं ठीक शे ना?" सगळं ठीक आहे ना, हे ते झाडाला विचारत की मला, ते मला कधी कळलं नाही. मी आपली "ठीक आहे हो नाना" म्हणून शाळेत शिकवायला पळायचे.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. जळगावात नानांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. नरडाण्याला मालधक्क्यावर कारकून असताना, बदलून जाणाऱ्या एका साहेबाने एक वड त्यांच्या गळ्यात घातला होता. वीतभर उंच, उथळ कुंडीतला, पारंब्यांसकट. साहेब त्याला बोन्साय म्हणे, गल्ली खुजा वड म्हणे. खाली शेवाळ हिरवं आहे तोवर काही काळजी नाही, असं साहेबाने जाताना सांगितलं. बिचाऱ्याला मातीतल्या ओलीबद्दल म्हणायचं असणार. नानांनी ते वाक्य मंत्रासारखं धरलं.

आता जळगावच्या वैशाखात जिथे माणसं वाळतात, तिथे शेवाळ कसं टिकावं? नाना फैजपूरला बहिणीच्या केळीच्या बागेत जात, विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडत आणि केळीच्या पानात गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेऊन येत. मग ते पातळ ताकात कालवून बुंध्याभोवती थापायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. सगळी गल्ली न्हाणीतलं शेवाळ घासून काढायची आणि हा माणूस ताक पाजून ते वाढवायचा. आमच्या मोरीत हवं तेवढं फुकट आहे, असं मी एकदा म्हणाले. नाना हसले नाहीत.

मुळात स्वभावच भित्रा. तारवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की त्यांना पाणी प्यावं लागे. मुलगा धुळ्याला नोकरीला होता. त्याची शनिवारची गाडी उशिरा आली तर नाना कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालत. मला गंमत वाटायची. मी तरुण होते, आणि भीती ही दुसऱ्यांची गोष्ट आहे असं तेव्हा वाटतं.

मग सुनेला, निर्मलाला, पुन्हा दिवस राहिले. आधी दोनदा पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली. कोपऱ्यावरच्या मारवाडी दुकानदाराच्या आई, मांजी, तिला बघायला आल्या. जाताना अंगणातला वड पाहून मायेनेच म्हणाल्या, की एवढ्या मोठ्या देवझाडाची वाढ घरात खुंटवली, मग घर कसं वाढणार? नानांचा चेहरा उतरला. वड उपटावा तर पाप, ठेवावा तर हे असं. त्या दिवसापासून त्यांचा हात शेवाळावरून उठेना.

वटपौर्णिमा आली. निर्मलाला बाहेरच्या वडापर्यंत जाता येईना, म्हणून तिने कुंडीच पलंगापाशी मागवून घेतली. वड आयता घरात असताना फांदी कशाला आणायची? सूत गुंडाळलं, पंचामृत घातलं, हळद-कुंकू मूठमूठ वाहिलं. तिसऱ्या खेपेला हात आखडता कोण घेईल? पण थोड्याच दिवसांत बुंध्याभोवतीचं सगळं शेवाळ काळं पडलं.

नानांनी फैजपूर गाठलं. दुपारी निर्मलाचा डोळा लागला की ते काळं शेवाळ काढून हिरवी ठिगळं बसवत. मला दबक्या आवाजात म्हणाले, "सूनबाईला बोलू नका. घाबरेल ती."

दुसऱ्या दिवशी मी तिला पेज नेऊन दिली, तर ती म्हणाली, "नाना ठिगळं लावतात ते मला दिसतं. पण तुम्ही बोलू नका हं. ते घाबरतील."

दोघांची भीती सांभाळत मी जिना चढत-उतरत राहिले. हसणं केव्हाच थांबलं होतं. खाली उतरताना माझीही नजर आधी कुंडीवर जायची.

आठव्या महिन्यातच एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मांजी तिला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेल्या. नाना गेले नाहीत. त्यांनी कुंडी उचलली, कुदळ घेतली आणि चालू लागले. मला त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही मागे गेले. मेहरूणच्या वाटेवर एक मोकळी जागा होती, तिथे ते खणू लागले. इतकी वर्षं जपलेला वड त्यांनी कुंडीतून सोडवला आणि खड्ड्यात ठेवला. पाऊस सरलाय, आता या उन्हात तो जगायचा नाही, असं मी म्हणाले. घाबरले की नाना पार घरच्या बोलीवर येत.

"वाढू दे त्याले," ते म्हणाले. "आते वाढू दे."

मुलगी झाली. कापसात ठेवावी लागली, एवढीशी. पण जगली. नानांनी तिच्या कपाळावर उलटा हात ठेवला आणि नेहमीचं विचारलं. तेव्हा मात्र मला "ठीक आहे" म्हणताना रडू आलं.

त्यानंतर नाना मेहरूणच्या वाटेने कधी गेले नाहीत. त्या बाजूचं काम निघालं तर सगळ्या गावाला वळसा घालत. रिकाम्या कुंडीत शेवाळ मात्र ठेवलं होतं, हिरवंगार. मीच जाऊन वड बघून येते, असं मी एकदा म्हणाले. अंगणात नात चिंचोके खेळत होती. नानांनी मला हात जोडले. "नका जाऊ. वाळला असला तर?"

पुढे आमची बदली धुळ्याला झाली. नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. निघताना त्यांची नात मला स्टँडवर पोचवायला आली. आता दोन वेण्या घालणारी, बडबडी. हवा बदलल्यामुळे थोडी खोकत होती. फाट्यावर येऊन म्हणाली, "मावशी, मेहरूणच्या वाटेने चला ना, जवळ पडतं."

मी शकुन-अपशकुन न मानणारी बाई. वर्गात मुलांना तेच शिकवत आले. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "नको गं, लांबूनच जाऊ."