शमुवेल सरांची ओळ

शमुवेल सरांना कोणी काही सांगायला गेलं, की ते आधी एकच विचारायचे, "पाहिलंत की ऐकलंत?" ऐकलेलं असलं तर पुढचा प्रश्न, "कुणाकडून? त्यानं तरी पाहिलं होतं का?" निम्मी माणसं तिथूनच परत फिरायची. सोलापुरात त्यांनी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली आणि रविवारी चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेतला. दोन्हीकडं हाच प्रश्न. त्यामुळं शाळेतली पोरं त्यांना भ्यायची आणि चर्चमधली मोठी माणसं.

मी पाथरवट. शाळा दुसरीपर्यंत. पण दगडात अक्षर माझ्याइतकं सरळ या गावात कुणी काढत नाही. मी सांगतोय म्हणून मानू नका, जाऊन दगड बघा. ख्रिस्ती कबरस्थानाच्या भिंतीला लागून माझं शेड आहे. हल्ली ग्रॅनाइटवर मशीन अक्षरं पाडतं, पण जुनी घरं अजून माझ्याकडंच येतात.

सरांची बायको एस्तेरबाई दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या बायकोची सगळी बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्या गेल्या आणि सर दगड सांगायला आले. मी शेडातले तयार दगड दाखवले. आमच्याकडं रीत अशी, की ख्रिस्ती दगडावर खाली एक ओळ असतेच, 'पुनरुत्थानाच्या आशेने विसावा घेत आहे'. मग काम नसलं की मी ती ओळ आधीच कोरून ठेवायचो. गिऱ्हाईक आलं की वर नाव तेवढं घालायचं.

सरांनी ओळीनं मांडलेले दगड बघितले आणि तेवढ्या दुःखातही त्यांना हसू आलं. "सिद्राम, माणूस मरायच्या आधीच त्याच्या उठण्याची सोय करून ठेवलीत की तुम्ही!"

मग म्हणाले, "मला ओळ नसलेला दगड हवा. खाली जागा सोडा. माझी खात्री झाली की सांगेन."

"कशाची खात्री, सर?"

"येशू खरंच कबरेतून उठला, याची."

मी छिन्नी खाली ठेवली. उभा जन्म रविवारी तेच शिकवणारा माणूस हे बोलत होता. "आणि आजवर वर्गात सांगत होता ते?"

"आजवर शिकवत होतो. आता तिला मातीत ठेवलीय. आता मला विचारायला पाहिजे."

त्यानंतर सर रोज सकाळी शेडात यायचे. बायबल आणायचे, दगडावर बसायचे, चहा मागवायचे आणि मला वाचून दाखवायचे. मी माझ्या सिद्धेश्वराचा माणूस, मला काय त्याचं? पण वाद म्हटला की मला राहवत नाही. बाया येशूच्या कबरेवर जातात आणि कबर रिकामी सापडते, ती बायबलात चौघांनी लिहिलेली एकच सकाळ सरांनी चार वेळा वाचली आणि मी म्हणालो, "सर, एक म्हणतो कबरेत एक जण बसलेला, दुसरा म्हणतो दोघं उभे. एकाच्या बाया भिऊन पळतात आणि कुणाला काय बोलत न्हाईत, दुसऱ्याच्या बाया पळत जाऊन सगळ्यास्नी सांगत्यात. असा जबाब पोलिसात दिला असता तर चौघंबी आत गेले असते."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. सरांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! अजून बोला. आणखी काय जुळत नाही?"

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ मलप्पा आला होता. आमचा बाप खाणीत दगडाखाली सापडून गेला, ती गोष्ट निघाली. मी म्हणालो, बापाला मी आणि काकानं बाहेर काढलं. मलप्पा उसळला, "तू कुटं होतास? तू तर गाडी आणायला गेलातास! मी होतो तितं काकाबरोबर!" आम्ही दोघं म्हातारे हातघाईवर आलो. सर मधे पडले. "थांबा. बाप खाणीत गेला, हे तर दोघंही सांगता ना?"

"व्हय की."

"मग न जुळणारे दोन जबाबही एका खऱ्या गोष्टीचे असू शकतात."

मी हरलो होतो. माझा चेहरा उतरलेला बघून मलप्पा खूश झाला. पण सर चहाचा कप खाली ठेवून स्वतःच म्हणाले, "नाही सिद्राम, हा दाखला मला पुरत नाही. खाणीत माणूस दगावतो हे आपण पाहिलंय. मेलेला उठलेला कुणी पाहिलाय?" असा माणूस मी दुसरा बघितला नाही. जिंकलेला डाव आपल्याच हातानं मोडून टाकायचा.

एकदा त्यांनी सांगितलं, की या सगळ्यात आधी लिहिलं ते पौल नावाच्या प्रचारकानं, त्या चौघांच्याही आधी, आणि त्याच्या लिखाणात कबरेवर गेलेल्या बायांचं नावच नाही, कारण बहुधा हे, की त्या काळी बाईची साक्ष कोणी धरत नसे. मी लगेच पकडलं, "मग खोटं रचणारा बाया कशाला घालंल? त्यो गावचा पाटील घालंल की!"

"असं म्हणणारे पुष्कळ आहेत," सर म्हणाले. मी मिशीवर हात फिरवला. "आणि त्यांना उत्तर देणारेही आहेत. मयताला सुगंधी द्रव्य लावायचं काम बायांचं. गोष्ट रचणाराही कबरेवर बायांनाच पाठवील." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच भजी घेऊन आले.

हे शेडात चालायचं तोवर ठीक होतं. पण सरांनी रविवारच्या वर्गात सांगितलं, की त्या चौघांतल्या मार्काच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत गोष्ट घाबरलेल्या बायांपाशीच थांबते, उठलेला येशू भेटल्याचं पुढं नंतर कोणीतरी जोडलं असावं. मंडळीत गलका झाला. चर्चचे तरुण पाळकसाहेब शेडात आले. माणूस सभ्य. हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही मला शिकवलंय. पण एस्तेरबाईंच्या दगडावर ओळ नाही आणि वर्गात हे असं. लोक म्हणतात, सरांचा विश्वास गेला."

"विश्वास गेला असता तर मी रोज चौघांना उलटंपालटं करत बसलो असतो का? घरी झोपलो असतो," सर म्हणाले. "वर्ग तुम्ही घ्या, पाळकसाहेब. मला खोटी खात्री देता येत नाही. विशेषतः तिच्या दगडावर."

त्यांची मुलगी रूथ मात्र रडली. "पप्पा, सगळ्यांच्या आयांच्या दगडावर ओळ आहे. माझ्याच आईला का नाही?" रिकामी जागा तशीच राहिली. कितीतरी ईस्टर आले आणि गेले.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी इथं घराघरातली माणसं कबरी धुतात, चुना देतात, फुलं घालतात, आणि रविवारी उजाडायच्या आत मेणबत्त्या घेऊन तिथंच उपासनेला जमतात. मागच्या ईस्टरच्या शनिवारी सर रिक्षानं आले. हृदय थकलं होतं, चार पावलांवर धाप लागायची. रूथ आईच्या कबरीला चुना देत होती. सरांनी मला भिंतीवरून हाक मारली, "सिद्राम, छिन्नी घेऊन या. ती ओळ कोरा."

मी गेलो. "पटलं काय, सर?"

"नाही. इतिहास मला येशूच्या कबरेच्या दारापर्यंत नेतो. कबर रिकामी असावी, इथवर मी आलोय. आत काय झालं, ते त्याला दिसत नाही. मलाही नाही." रूथनं आणलेल्या खुर्चीवर बसून त्यांनी धाप ओसरू दिली. "पण एस्तेरला पटलेलं होतं. मरताना ती मला म्हणाली होती, भेटू. दगड तिचा आहे, सिद्राम. मी इतकी वर्षं माझी शंका तिच्या उशाला ठेवून बसलो."

रूथच्या हातातला कुंचला तसाच राहिला. मी कोरायला बसलो. उभ्या दगडाच्या तळाशी, जमिनीवर पालथं पडून, या वयात. ऊन भाजून काढत होतं, पण ती ओळ मी कोरली तशी दुसरी कुठली कोरली नाही. रविवारी पहाटे मंडळी ती ओळ बघायला वाकत होती. सर एकटे मागं खुर्चीत बसून होते.

मला म्हणाले, "माझ्या दगडाला मात्र जागा सोडा. मी ऐकलेल्यावर सही करत नाही. तिकडं जाऊन पाहतो."

श्रावणात ते गेले. रूथ पाळकसाहेबांना घेऊन शेडात आली. "मामा, पप्पांच्या दगडावरही ओळ घाला." मी सरांचं बोलणं सांगितलं. पाळकसाहेब काही म्हणणार होते, रूथनंच त्यांना थांबवलं. डोळे पुसत म्हणाली, "मग सोडा जागा. पण घासून गुळगुळीत करा, मामा. बाकीच्या दगडापेक्षा जास्त."

आता दोन्ही दगड शेजारी शेजारी आहेत. फुलं घालायला आलेलं कोणी ना कोणी भिंतीवरून ओरडतं, "ओ सिद्राममामा, सरांच्या दगडावर ओळ राहिली की तुमची!"

मी हातातलं काम थांबवत नाही. "राहिली न्हाय," म्हणतो, "ठेवलीया."